टीव्हीवरची शाल

शिनोली, मंगळवार, दिवेलागणीला

आज शाळेतल्या टीव्हीवरची शाल उतरली. शाळेच्या समितीत आल्यापासून एवढा आनंद झाला नव्हता.

टीव्ही आला तेव्हा नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि धूळ बसू नये म्हणून पाहुण्यांच्या सत्कारातली उरलेली शाल पांघरली. तेव्हापासून नुसता देवासारखा बसून. वर्गाच्या लताबाई त्याचं प्रशिक्षण घेऊन आल्या, वरून आदेश आले, पण शाल हलेना. आम्ही म्हणायचो, बाईंना कंटाळा. कंटाळा कसला? आज सहज विचारलं, तर बाई हळूच म्हणाल्या, "आबा, चुकीचं बटण दाबलं तर पोरं हसतील हो. इतक्या वर्षांचा मान जाईल."

एवढंच होतं होय. हे आधी का नाही विचारलं मी?

"मग आधी मलाच हसू द्या," म्हणालो आणि भर वर्गात रिमोट घेतला. काहीतरी दाबलं, तर कुस्ती लागली. आवाज पार एसटीच्या थांब्यापर्यंत. पोरं हसून लोळायला लागली. "आबा, बंद करा की!"

"न्हाई व्हत रं," मी म्हणालो.

शेवटी बाईंनीच पदर खोचला, रिमोट घेतला, कुस्ती घालवली आणि भीमाशंकरचं शेकरू लावलं. त्यानं लांब उडी घेतली आणि पोरं पुढं सरकली. मग एकच गिल्ला, "बाई, परत!" बाईंनी परत दाखवलं. मध्येच थांबवूनसुद्धा दाखवलं.

निघताना त्यांनी ती शाल माझ्याच खांद्यावर टाकली. "टीव्हीला आता नको, आबा."

घरात लई उकडतंय. तरी शाल काढवत नाही.