विमान सरळ गेलं

प्रिय तोलेगेन,

अरे, सरळ गेलं! आज सकाळी आपलं विमान कुशीवर झोपून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतासारखं गेलं, आणि मी साठीची बाई गवतात उड्या मारत सुटले. तुझा दोस्त गेन्नादी ओरडला, "कुलाश, आधी ते उतरव, मग काय नाचायचं ते नाच!" कारण रिमोट माझ्या हातात होता.

हो, माझ्याच. रागावू नकोस. पक्षाघातानंतर तू लेकीकडे, आयसुलूकडे, अस्तानाला गेलास, आणि तिच्याकरवी निरोप धाडलास की विमान विकून टाक. फोनवर काही तू येत नाहीस. बरं, तेमिरताऊहून गिऱ्हाईक आलं, म्हणालं, उडवून दाखवा. गेन्नादीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मग उरलं कोण? स्पर्धेत तुझ्या मागे उभी राहून कसरतींची नावं पुकारणारी मीच.

आणि काय उडालं म्हणतोस! कुशीवर घेतलं की पोटाकडे वळायचं, उलटं केलं की नाक टाकायचं, सरळ वर चढवलं की डावीकडे कलायचं. गिऱ्हाईक हात जोडून निघून गेलं. मला वाटलं, माझंच चुकतंय. पण गेन्नादी पोट धरून हसायला लागला. "अगं, हे पहिल्यापासून असंच असणार! तोल्याचा अंगठा गुपचूप सावरून घेत होता. त्याचं त्यालाही कळलं नसेल." लबाडा! बक्षिसं आणत होतास, आणि मी मेली विमानाचं कौतुक करत होते.

मग आम्ही दोघं हात धुऊन त्याच्या मागे लागलो. वारा पडलेला असेल तेवढा वेळ काम, उरलेला दिवस चहा, गरम तळलेले बाउरसाक आणि भांडणं. बॅटरी जराशी मागे सरकवायची, विमान उलटं करून रिमोटची काडी सोडून द्यायची, नाक किती पडतं ते बघायचं, उतरवून पुन्हा सरकवायची. मोटरखाली वॉशर घालून तिचं तोंड केसभर उजवीकडे केलं. एकदा बॅटरी फारच मागे गेली, तर विमान असं उधळलं की मी डोळेच मिटले. "डोळे उघड, बाई!" गेन्नादी किंचाळला. वाचलं बापडं. आता त्याला स्वतःचं काही मत उरलेलं नाही. नेशील तिकडे जातं, सोडशील तसं राहतं. तोल्या, इतका आनंद मला आयसुलूच्या लग्नातही झाला नव्हता, तिला सांगू नकोस.

आता खरं काय ते. शब्द अडखळतात म्हणून तू नातवंडांसमोरसुद्धा तोंड उघडत नाहीस, असं आयसुलू म्हणाली. मी रडले, मग भयंकर चिडले. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेत मी माझं नाव दिलंय. मागे उभं राहून पुकारायला माणूस हवा. गेन्नादी एका पायावर तयार होता, त्याला मी नाही म्हटलं. सगळा क्रम मला तोंडपाठ आहे, तरी तू पुकारल्याशिवाय मी काडी हलवणार नाही. अर्धाच शब्द आला तरी मला कळेल. आणि नाहीच आला, तर येईपर्यंत विमान सरळ जात राहील. ये.

चिडलेली आणि तरीही तुझीच,
कुलाश