बुडालेल्या आंब्यावरची जाळी

मी, वाल्मिक जयराम विशे, वय एकाहत्तर, धंदा भातशेती (आता बंद), राहणार धरणग्रस्तांची वस्ती, शेणव्याजवळ, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, आज डोके जाग्यावर असताना आणि कोणी भरीस घातलेले नसताना, माझ्यामागे काय कोणाला जावे ते वकिलांकडून लिहून घेत आहे. दम्यामुळे छाती साथ देत नाही, एवढेच शरीराविषयी सांगण्यासारखे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. मधेमधे माझे बोलणे आले आहे ते वकिलांना नको होते. माझ्या आग्रहाने राहिले आहे.

१. माझी पत्नी कमळाबाई वारली. तिचे मंगळसूत्र, चांदीची कडी, पोस्टातील बचत व भातजमिनीचा उरलेला तुकडा माझी एकुलती मुलगी मिताली, राहणार कल्याण, हिला द्यावा. मितालीवर माझा राग नाही. तिने मला आपल्याकडे नेले होते. तिथे सकाळी सगळे कामाला बाहेर पडत आणि मी दार लावून टीव्हीसमोर बसे. एकटेच राहायचे तर आपल्या घरी राहावे म्हणून मी परत आलो. तिला ते लागले, अजून लागलेले आहे. हे वाचून कमी झाले तर बरे.

२. आता गळ, ट्यूब आणि कोयता. या तीन वस्तूंसाठीच मी शहापूरला आलो, म्हणून थोडे मागचे सांगावे लागेल.

आमचे जुने गाव धरणाच्या फुगवट्याखाली आहे. गाव सोडताना झाडे तोडून न्या, लाकूड तुमचेच, असे आम्हांला सांगितले होते. पण आंबे मोहरले होते. कमळाबाई म्हणाली, "मोहरल्या झाडाला कुऱ्हाड लावाल तर मी नव्या घरात पाय नाय ठेवनार." सगळ्या गावाचे तेच मत पडले. आंबे, फणस, चिंचा उभ्याच राहिल्या आणि त्यांच्यावरून पाणी चढले. पुढे धरणात मासेमारी वाढली, नायलॉनची जाळी आली आणि ती नेमकी आमच्या झाडांत अडकू लागली. अडकलेले जाळे निघत नाही, म्हणून टाकणारा ते कापून सोडून जातो. त्याला तरंगत ठेवणारे वरचे थर्माकोल सुटते, जाळे खाली बसते आणि मालक नसतानाही मारत राहते. मासे सडतात, त्यांच्या मागे आलेला पाणकावळा अडकतो, कासव अडकते.

कमळाबाई गेली त्या उन्हाळ्यात पाणी बरेच उतरले आणि आमच्या अंगणातल्या आंब्याचा शेंडा वर आला. त्याला जाळे लोंबत होते आणि जाळ्यात वाळलेला पाणकावळा होता. मला ते बघवेना. विहिरीत पडलेली घागर काढायचा गळ घरात होता तो आणि जाळे कापायला कोयता घेतला, मुरबाडहून ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब आणली आणि तिच्यावर बसून गेलो. मग दर उन्हाळ्यात जात राहिलो. गुणाबाईचा फणस, बाईजाची चिंच, देवळामागचा रायवळ. शेजारी कुठेकुठे पांगले, त्यांच्या दारातले मी साफ करत होतो. पाण्यावर मला वस्तीतल्यापेक्षा कमी एकटे वाटे. आपल्याखाली कोणाचे घर आहे ते तरी माहीत असे.

३. काढून आणून परसात रचलेली जाळी भाजीवर पसरायला कोणास देऊ नयेत, त्यांत धामण गुरफटून मरते. जाळूही नयेत, त्या धुराने माझी छाती आणखी गेली. त्यांचे दोर वळावेत आणि खाटा विणाव्यात. मी झोपतो ती खाट तशीच आहे.

४. ही जाळी मी चोरली असा आळ माझ्यावर ग्रामपंचायतीत आला होता. पंचांनी सगळ्यांसमोर विचारले, "म्हातारपणी हे धंदे कशाला?" त्या बैठकीत माझ्या बाजूने एकही तोंड उघडले नाही. त्यांपैकी कोणी माझ्या तेराव्याला आले तर जेवायला वाढावे, आग्रह मात्र करू नये.

५. ती तक्रार बुधूने केली होती. बुधू कातकरवाडीत राहतो आणि धरणात जाळी टाकून पोट भरतो. दर उन्हाळ्यात तो माझ्या दारात येऊन उभा राही.

"माजं जाळं दे, दादा. तूच काडलंस. दुसरा कोन नाय जात तिकडं."

"टाकून आलास ना? मग ते तुझं नाय."

असे आम्ही चहाची वेळ टळेपर्यंत भांडत असू. जाळे मी कधी दिले नाही आणि त्याने येणे सोडले नाही.

यंदा दम्याने मला पाण्यात उतरू दिले नाही. झाडांचे शेंडे वर आले, जाळी तशीच राहिली. मी घराबाहेर दिसत नाही हे वस्तीत कोणाच्या ध्यानातही आले नाही. एके सकाळी बुधू आला. भांडायचे म्हणून मी खाटेवर उठून बसलो. तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "दादा, यंदा माजं जाळं कुनी काडलं नाय. तू बरा हायस ना?"

मी त्याला आत बोलावले. त्याने चूल पेटवून चहा केला, कप धुऊन पालथे घातले आणि गेला. तेव्हापासून तो येत असतो.

६. सबब, माझे राहते घर परसासह, तसेच गळ, ट्यूब व कोयता मी बुधूस देत आहे. पाण्याखाली कोणते झाड कुठे आहे ते मी त्याला खाटेवरून सांगितले आहे. त्याने जाळे टाकू नये असे मी म्हणत नाही, त्याचे पोट त्यावर आहे. अडकले तर सोडून येऊ नये आणि दुसऱ्याचे दिसले तर काढावे. न काढले तरी घर त्याचेच राहील, पण तो काढील. विश्यांचे घर कातकऱ्याला गेले म्हणून वस्ती बोंब मारील. ती मारू द्यावी. मितालीने हरकत घेऊ नये, ही बापाची विनंती.

वकिलांनी विचारले, बुधूशी नाते काय लिहू, की काही नाही असे लिहू? मी म्हणालो, "नाय कसं? लिवा, माझ्या घरी येणारा." त्यांनी तसे लिहिले आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

ठिकाण: शहापूर
तारीख: ४ जून २००७

सही: वाल्मिक जयराम विशे

साक्षीदार (वस्तीतून कोणी आले नाही, दोघेही वकिलांच्या ओळखीचे, मला आजच भेटले):
१. दीपेश हरड, राहणार मुरबाड
२. प्रियांका निमसे, राहणार शहापूर