तोमास म्हणजे जुळा

वुडलँड्स, १२ मार्च २०१५

प्रबोध,

आशीर्वाद आहेतच, पण आधी मला हे सांग, बारशाला आत्या कशाला बोलावलीस? घुगऱ्या वाटायला? भाच्याचं नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि तुम्ही कागदावर ‘तोमास’ लिहून मोकळे! मला कळलं ते मॅरिलिनच्या आईकडून, तेही त्या डबा परत द्यायला आल्या म्हणून. फोन केला की तुझं ठरलेलं, “ताई, मीटिंगमध्ये आहे.” म्हणून अश्लेषाच्या हाती ही चिठ्ठी. चुका काढत बसू नकोस, सहावीच शिकलेय मी.

इकडे बरं आहे. ह्यांचा गुडघा धरलाय. मेथीचे लाडू पाठवलेत, मॅरिलिनला कडू लागले तरी खायला लाव.

तर तुझ्या सासूबाईंना मी लेकीला मध्ये घालून विचारलंच, ह्या नावाचा अर्थ काय? म्हणाल्या, आमच्या आजोबांचं नाव, पोर्तुगीज. मूळ त्याहून जुनं, येशूच्या मुलखातलं. अर्थ सांगायची वेळ आली तशा बाई चहाच्या कपात बघत बसल्या. त्या गेल्यावर अश्लेषाने मोबाईलवर शोधलं, आणि इथल्या पोरांसारखं ‘ला’ जोडत म्हणाली, “ट्विन ला, मम्मी. जुळा.”

जुळा! अरे, कुणाचा? उद्या पोर विचारेल, दुसरा कुठाय? तेव्हा काय सांगशील, मीटिंगमध्ये आहे?

नोव्हेनाच्या हॉस्पिटलातून ती एवढीशी पेटी तू एकटाच घेऊन गेलास. मला गाडीतून उतरू दिलं नाहीस. झबली मी दोन शिवलेली, तू एकच मागून नेलंस. तेव्हापासून तुझ्या घरात त्याचा शब्द नाही. मीही काढला नाही, बाळंतीण रडेल म्हणून. खोटं कशाला बोलू, मीच रडेन म्हणून.

मॅरिलिनवर राग होता, तो गेला. तिने निदान ह्याच्या नावात त्याला जागा ठेवली. असू दे तोमास. तू काय केलंस रे?

मला दुसऱ्याचं नाव ठेवायचंय. त्याचीही मी आत्याच. रविवारी पाळण्यात एकच असेल, पण नावं मी दोन घेणार, सगळ्यांदेखत, मोठ्याने. ते चालणार नसेल तर मी येत नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांग. स्वतः ये आणि तोंडाने सांग. मेसेज पाठवलास तर वाचणार नाही.

तुझी ताई, आणि दोघांची आत्या,
संजीवनी