वीरेशचा रविवारचा डोंगर

१० मे, शुक्रवार
पोचले एकदाची वेल्समध्ये, लेकाकडं. वीरेशचा गळा मोकळा! वरची दोन बटणं उघडी होती, दिसलंच. घाटनांदूरहून निघताना ह्यांनी बजावलं होतं, "त्याच्या गळ्यात लिंग हाय का बघून ये. काढून ठेवलं असंल तर आपला उंबरा चढू नको म्हणावं." तान्हा असताना स्वामींनी गळ्यात बांधलेलं काळं, गोल इष्टलिंग. विचारायचा धीर झाला नाही. ह्यांना फोनवर म्हटलं, इथं थंडी लई हाय, स्वेटरातून काय दिसतंय.

१२ मे, रविवार
एरीरी नावाचं राष्ट्रीय उद्यान बघितलं. उद्यान म्हटल्यावर मला वाटलं कारंजं, बाकडी असतील. हे तर डोंगरामागं डोंगर. पाट्या दोन भाषांत — मला दोन्ही येत नाहीत. मेंढ्यांच्या पाठीवर निळे-तांबडे पट्टे, पण मागं धनगरच नाही. धनगर कुठाय विचारलं तर वीरेश म्हणतो, "घरी असंल." वाटेवर सगळा काळा दगड फुटून पडलेला. शाळेतली पाटी ह्याचीच व्हायची म्हणे.

पहाटे निघालो म्हणून माझी लिंगपूजा राहिली होती. एका शिळेवर बसून केली, मग भाकर खाल्ली. पूजा होईस्तोवर हा पाठ करून उभा! संताप आला. काढलंस तर काढलंस, तोंड तरी इकडं कर. खाल्लंही नाही काही. सकाळचं खायची सवय मोडली म्हणतो.

१३ मे
सून रुद्राणी सांगत होती, "दर रविवारी जातेत. त्याच वाटेनं. बर्फातबी. कावून ते इचारू नका, चिडतेत." कपिलधारच्या यात्रेला जाताना चढावर फतकल मारून 'उचलून घे' म्हणणारा तो हाच का?

१५ मे
ह्यांचा फोन. "बघितलं का?" थंडी अजून हाय म्हटलं.

१९ मे, रविवार
पुन्हा तोच डोंगर. शिखरापर्यंत आगगाडी जाते इथं. मला बसायचं होतं, हा नको म्हणाला. आज मी डोंगर सोडून त्याच्याकडंच बघत चालले. तळं आलं, धबधबा आला, ढग पायाखाली आले, पठ्ठ्यानं एकदाही मान वर केली नाही. काठीनं दगड सारत चाललेला. एक काळा गोल खडा उचलला, शर्टाला पुसला, अंगठा फिरवला, ठेवून दिला. थोड्या वेळानं दुसरा.
काय शोधतोस विचारलं. "कुठं काय."

२० मे
पोहे पुढं ठेवले तर रडायलाच लागला. गेल्या वर्षी त्या वाटेवर लिंगाचा दोरा तुटला, घरी येईस्तोवर कळलंच नाही. तेव्हापासून शोधतोय, लिंगपूजेशिवाय अन्न कसं घ्यायचं म्हणून तेव्हापासून एकवेळच जेवतोय. "आप्पांना काय तोंड दाखवू, आई?" रुद्राणीलाही सांगितलं नव्हतं. आणि मी त्याच्या पाठीवर रागावले होते.
ह्यांना फोन लावून सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ओरडतील.
तर म्हणाले, "तीन माणसं झाली तर लवकर सापडंल. तिकडं थंडी लई हाय म्हणालीस ना? स्वेटर किती घेऊ?"