सरमिसळ काडतुसं

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी पोहे खात होते, आणि बशी संपवूनच उठले. खोटं कशाला लिहू, तुम्हाला कोण वाचून दाखवणार आहे?

निवडीचा तो दिवस अजून तसाच समोर आहे. सुरतेबाहेरचं आपल्या रायफल क्लबचं मैदान, शंभर मीटरवरचं लक्ष्य आणि संघात उरलेली एकच जागा. ती मिळाली असती तर फी माफ होऊन माझं कॉलेज सुटलं नसतं. मी नवागामची, लूम चालवणाऱ्या खानदेशी बापाची पोर. साडीच्या कारखानदाराच्या मुलीला तुम्ही लांब नळीची परदेशी रायफल दिलीत, मला क्लबची जुनी, आखूड. मी कुरकुरले तर सगळ्यांसमोर म्हणालात, "नाचता येईना, अंगण वाकडं. पॉइंट टू टूच्या काडतुसातली दारू सोळा इंचांतच जळून जाते. पुढची नळी गोळीला नुसती घासते. लांब नळीनं नेम धरायला सोपं जातं, एवढंच." खरं होतं ते. तुमचं ज्ञान कधी खोटं नव्हतं, तुम्ही होतात.

मग काडतुसं वाटलीत. तिला सीलबंद खोकं, सगळी एकाच लॉटची. मला बिस्किटाच्या डब्यातली उरलीसुरली, चार लॉटांची सरमिसळ. तुम्हीच शिकवलं होतं की लॉट बदलला की गोळीचा वेग बदलतो, आणि काडतुसागणिक वेग बदलला तर गोळ्या वर-खाली पडतात, पन्नास मीटरवर ते खपून जातं, शंभरावर उघडं पडतं. आणि हात हलला तर त्या चहूकडे जातात. माझ्या कागदावरची सगळी भोकं एका उभ्या रेघेत होती. तुम्ही तो कागद उन्हात धरून निवांत बघितलात आणि म्हणालात, "लूमवाल्याची पोर. बापाचा हात थरथरतो, हिचाही थरथरणारच." बाबा मला न्यायला फाटकाशी उभे होते. त्यांनी ऐकलं. घरी आल्यावर आईला म्हणाले, "हात मना थरथरस, तिना नई." त्यानंतर ते माझ्यासमोर चहाचा कप उचलायचे नाहीत.

पुढे मी इच्छापोरच्या कारखान्यात लागले, पण रविवारी क्लबात कागद बदलायचं काम धरलं. तुम्हाला वाटलं, पोरीला खेळाची ओढ आहे. मी तुम्हाला म्हातारं होताना बघायला येत होते. मोतीबिंदूनं तुमचे डोळे धुरकटले. काळा ठिपका ओळखू यायचा, कागदावरची भोकं दिसायची नाहीत. शिकवणं सोडावं की नाही हे ठरवायला एका सकाळी तुम्ही सीलबंद खोकं फोडलंत आणि दहा गोळ्या मारल्यात. कागद मी आणला.

"कशा आहेत गं?" इतक्या हळू आवाजात तुम्ही मला कधी काही विचारलं नव्हतं.

"पसरल्यात, सर. चहूकडे."

"नीट बघ."

"नीटच बघितलं, सर."

तुम्ही जॅकेट काढलंत, घडी केलीत, रायफल माझ्या हातात दिलीत आणि गेलात. पुन्हा आला नाहीत. वर्षभरात संपलात.

या पत्राला मी पाकीट आणलेलं नाही. दहाच्या दहा गोळ्या मधल्या ठिपक्यात होत्या, सर. हे मी बाबांना कधी सांगितलं नाही. त्यांना तुमची दया आली असती.