वासाने हाकललेल्या झुरळांबाबत

प्रति,
मा. आरोग्य निरीक्षक,
प्रभाग कार्यालय, कामोठे, पनवेल.

अर्जदार : हरेश विठू घरत, रिक्षाचालक,
मोरपीस सोसायटी, 'अ' विंग, तिसरा मजला.

विषय : दोन्ही विंगांत एकाच दिवशी झुरळांचा बंदोबस्त करून मिळणेबाबत.
संदर्भ : याच विषयावरील आधीचे दोन अर्ज.

महोदय,

१. अर्जदार व त्याची आई साळूबाई असे दोनच जीव वरील पत्त्यावर राहत आले. आईला दमा. गेल्या वर्षी पहिल्या मजल्यावरील प्राजक्ताताईंनी गवती चहा, लवंग व निलगिरीचे तेल बाटलीत भरून विकण्यास सुरुवात केली. झाडपाल्याचे आहे, अपाय नाही, असे त्या सांगत, आणि त्यांच्या घरातील झुरळे खरोखरच गेली. मेली मात्र नाहीत. ती शेजारी गेली.

२. मग शेजाऱ्यांनी तेल घेतले, त्यांच्या शेजाऱ्यांनी घेतले. ज्याला जेव्हा सुचेल तेव्हा त्याने शिंपडावे आणि झुरळांनी पुढचे दार गाठावे, असे चालले. अर्जदाराने तेल घेतले नाही, कारण त्या वासाने आईचा श्वास अडके. "मना त्यो वास सोसत नाय, त्यापरीस झुरळं बरी," असे ती म्हणे. परिणामी विंगेतील समस्त झुरळे आमच्याकडे मुक्कामास आली. दिवा मालवला की भिंत काळी होऊन हलू लागे. आईच्या कानात कापसाचे बोळे घालून अर्जदार उशाशी बसे. साहेब, माणसाने झोपावे तरी कधी?

३. याबाबत सोसायटीचे सेक्रेटरी श्री. प्रणित यांना भेटलो असता, इमारतीत झुरळे फक्त तुमच्याकडेच आहेत, म्हणजे घाण तुमचीच, असे सांगून त्यांनी अर्जदारालाच नोटीस दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय. आपल्या कार्यालयाने दोन्ही अर्जांवर 'खासगी जागा, सोसायटीकडे जावे' असा शेरा मारला. अर्जदार सोसायटीकडूनच आला होता.

४. गेल्या आठवड्यात बुधवारी अर्जदार रिक्षा घेऊन बाहेर असताना मजल्यावरील मंडळींनी आमच्या उंबऱ्यावर व दाराच्या फटींत तेल ओतले. झुरळे बाहेर येऊ नयेत एवढाच त्यांचा हेतू होता, हे अर्जदार मान्य करतो. आई आत एकटी होती. मृत्यूच्या दाखल्यावर 'दमा' असे लिहिले आहे. अर्जदाराची त्याविषयी तक्रार नाही. पण राग आहे, तो या अर्जात मावत नाही.

५. आता घरात वास न सोसणारे कोणी उरले नाही. अर्जदाराने प्राजक्ताताईंकडून तेलाचा मोठा कॅन आणला आहे. मात्र सुतकात तेलाला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. तेरावा सोमवारी आहे. मंगळवारी सकाळी अर्जदार कॅन उघडणार. शेजाऱ्यांनी केले तेच, अधिक काही नाही.

६. आपण नुकतेच 'ब' विंगेत, आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात राहण्यास आला आहात, याबद्दल आनंद आहे. आपल्याकडे काम करणाऱ्या वेणूबाई सांगतात की, आपल्या नातीला उग्र वासाने धाप लागते, म्हणून घरात तेल वापरत नाहीत. दोन्ही विंगांत तसे घर आता आपले एकच आहे. मधल्या भिंतीत पाण्याच्या पाइपासाठी मोठे भोक आहे. अर्जदाराने ते सिमेंटने बुजवून पाहिले. झुरळांनी बाजूने वाट काढली.

७. अर्जदार हे धमकी म्हणून लिहीत नाही. बाळावर त्याचा राग नाही. म्हणूनच कळवतो की, सोमवारच्या आत सर्व घरांत एकदम बंदोबस्त करण्याचा आदेश काढावा. ते जमणार नसेल, तर बाळाला हलवण्यास आपल्याकडे दुसरी जागा असल्यास तिथे हलवावे. आईला हलवण्यास अर्जदाराकडे जागा नव्हती.

आपला नम्र शेजारी,
(सही)
हरेश विठू घरत
कामोठे, दि. १४ नोव्हेंबर २०२५

सोबत : सोसायटीची नोटीस व मृत्यूचा दाखला, प्रत्येकी एक प्रत.