डाव्या गमबुटातलं टपाल

१४ जानेवारी, सोमवार
नवी वही. जुनी नोव्हेंबरात बंद पडली. लिहिण्यासारखं काही नव्हतं, सगळं सुरळीत चाललं होतं.

परिस्थितीचा आढावा. मी मलाकी, सत्तावन्न, कॅरिगडूनचा पोस्टमन. एकतीस वर्षं नोकरी, एकही पत्र गहाळ नाही. बायको डिम्पना, मेन स्ट्रीटवर तिचं सलून. तिची दारू सुटून नऊ महिने झाले. त्याआधीची तीन वर्षं व्होडका कंडिशनरच्या बाटलीत असायची आणि टॅक्सचे कागद कुठेच नसायचे. टॅक्सचे अठरा हजार युरो थकले आहेत.

आज सकाळी टपाल लावताना तपकिरी पाकीट हातात आलं. कोपऱ्यात टॅक्सवाल्यांचं वीणेचं चित्र, वर डिम्पनाचं नाव. काळजात धस्स झालं नाही. हल्ली होत नाही.

दारू सोडणाऱ्यांच्या तिच्या मीटिंगमधली कन्सेप्टा, रिटायर्ड मास्तरीण, तिचा मुख्य आधार. नाताळात मला म्हणाली होती, डिम्पनाचं ओझं डिम्पनाला उचलू दे, तू नुसता शेजारी उभा राहा. मुद्दा लक्षात आला. ओझं तिच्यापर्यंत पोचूच द्यायचं नाही.

पाकीट घरामागच्या शेडमध्ये, जुन्या गमबुटात ठेवलं. डाव्या. याला दडवणं म्हणत नाहीत. बटवडा थोडा थांबवला, एवढंच. इस्टरपर्यंत मी गुपचूप सगळं फेडतो आणि मग तिला एकदम सांगतो.

सव्वानऊला आमच्या फाटकाशी पोचलो. डिम्पना उभी होती. माझं काही आलं का रे, म्हणाली. नाही म्हटलं. ती बरं म्हणून आत गेली. किती निश्चिंत दिसली!

२२ जानेवारी, मंगळवार
पतसंस्थेत गेलो. काउंटरला फिलोमिना. कर्ज कशासाठी, तर शेडच्या छपरासाठी असं लिहिलं. ती म्हणाली, अरे मलाकी, तीन वर्षांपूर्वीही छप्परच होतं ना तुझं? म्हटलं, ते दुसऱ्या बाजूचं. ती म्हणाली, असेल बाबा, छपराला बाजू दोन असतात, तिसऱ्यांदा मात्र येऊ नकोस. चार हजार मंजूर.

संध्याकाळी लक्षात आलं की टॅक्स भरायचा तर खात्याचा नंबर लागतो. तो पत्रात आहे. पत्र तिच्या नावाचं आहे. दुसऱ्याचं टपाल फोडणं गुन्हा आहे आणि मी तसला माणूस नाही.

२५ जानेवारी, शुक्रवार
पैसे नुसते पडून होते. डिम्पनाला सहा आठवडे उपचाराला ठेवलं तेव्हाच्या कर्जाचे दोन हप्ते चुकले होते, ते भरले. गाडीचा विमा. राहिले त्यात तिच्या सलूनला नवीन ड्रायर. ती म्हणाली, मलाकी, पैसे कुठून आणलेस? ओव्हरटाइम म्हटलं. तिने ड्रायरचं खोकं उघडलंच नाही. आनंदाने माणूस गप्प होतो.

१ फेब्रुवारी, शुक्रवार
दुसरं पाकीट. डावा गमबूट.

आज संत ब्रिजिडचा सण. डिम्पनाने लव्हाळ्याचा क्रूस विणून दारावर लावला. वर्षभर घर सांभाळतो म्हणे. हात अजिबात थरथरत नव्हते. मागच्या वर्षी याच दिवशी ती लव्हाळ्यावरच झोपली होती.

हल्ली ती फाटकात थांबत नाही, पार वळणापर्यंत येते. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली आणि बायको रस्त्यात वाट बघत उभी राहते. किती पोस्टमनांच्या नशिबी असतं हे?

२० फेब्रुवारी, बुधवार
अडचण. आज रजिस्टर पत्र. सहीशिवाय देता येत नाही, परत पाठवलं तर चौकशी होणार.

तिच्या नावाने सही केली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. वाटलं होतं की काहीतरी होईल, घाम फुटेल, हात अडखळेल. काही झालं नाही. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो तसं वाटत होतं. पुढच्या घरी म्हाताऱ्या नोरानी चहा दिला, तो प्यायलो.

मधे एक साधं आलं होतं, ते धरून गमबुटात आता चार पाकिटं.

६ मार्च, राखेचा बुधवार
सकाळी चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली. आजपासून उपवासाचा काळ. इस्टरपर्यंत सोडायच्या गोष्टी: चहातली साखर, नवीन कर्ज, खोटं बोलणं.

साडेअकरा. नोरानी न विचारता दोन चमचे घातले. म्हातारीला दुखवणं बरं नाही. साखर उद्यापासून.

९ मार्च, शनिवार
पतसंस्था. याला नवीन कर्ज म्हणता येत नाही, जुन्यातच दीड हजार वाढवून घेतले. त्यातून जुन्याचा हप्ता भरला. फिलोमिना माझ्याकडे न बघता म्हणाली, मलाकी, तू मागच्या खिशातून पुढच्या खिशात घालतोयस आणि दोन्ही फाटलेत. विनोदी बाई आहे. कारण विचारलं तर पुन्हा छप्पर म्हटलं.

१७ मार्च, रविवार
संत पॅट्रिकची मिरवणूक. गावात सगळ्यांच्या हातात ग्लास. डिम्पना आणि कन्सेप्टा चर्चच्या स्टॉलवर चहा विकत होत्या. मी किटली भरून देत होतो. एकदम आदर्श नवरा.

चारच्या सुमाराला स्टॉल आवरताना डिम्पनाने मला बाजूला घेतलं. म्हणाली, तुला सांगितलं नव्हतं. नवीन वर्षाला मी आणि कन्सेप्टाने बसून टॅक्सवाल्यांना पत्र लिहिलं. सगळं खरं लिहिलं, दारूसुद्धा. हप्ते बांधून द्या म्हणून विनंती केली. उत्तराची वाट बघतेय, पण अडीच महिने झाले, त्यांनी एक ओळ पाठवली नाही. दारुड्या बाईला कोण उत्तर देणार? रोज तुझी पिशवी बघते आणि मनात येतं, आज नाही आलं तर सरळ गिल्हूलीच्या पबमध्ये शिरायचं. रोज नाही शिरत. किती दिवस नाही शिरणार, ते मला माहीत नाही.

म्हटलं, येईल गं. टपाल हल्ली उशिरा येतं.

म्हटल्यावर कळलं की हे मी पोस्टमन असून म्हणालो. किटली उचलली. ती रिकामी होती.

१८ मार्च, सोमवार
नवीन योजना. पाकिटं आठवड्याला एक अशी, सर्वांत जुन्यापासून द्यायची. उद्या पहिलं.

१९ मार्च, मंगळवार
शिक्का जानेवारीचा आहे. दोन महिने कुठे होतं, असं ती विचारणार. पोस्टाचं नाव खराब होईल. संस्थेचाही विचार करायला हवा.

वळणावर डिम्पना नव्हती. घराच्या पायरीवर बसली होती. काही विचारलं नाही.

२९ मार्च, शुक्रवार
तीन दिवस पाऊस. शेडचं छप्पर गळतंय. ज्याच्यासाठी साडेपाच हजार घेतले ते. धार नेमकी गमबुटांवर. डाव्यात घोट्यापर्यंत पाणी, पाच पाकिटं (पाचवं गेल्या आठवड्यातलं) भिजून एकमेकांना चिकटलेली. उजवा उलटा पडला होता, तो कोरडा.

पाकिटं बॉयलरजवळच्या गरम कपाटात, टॉवेलांच्या खाली वाळत घातली. फोडली नाहीत. याची नोंद असावी.

२ एप्रिल, मंगळवार
सलूनचे टॉवेल त्याच कपाटात वाळतात. रोज. नऊ वर्षं.

दुपारी घरी आलो तेव्हा डिम्पना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी होती. पाचही पत्रं तारखेप्रमाणे मांडलेली, प्रत्येकावर वजनाला एकेक चमचा. पहिलं तिने मला वाचून दाखवलं. तिची विनंती मान्य होती. सोबतच्या कागदावर सही करून आठ फेब्रुवारीपर्यंत पाठवायचा, एवढंच. तिसऱ्यात ती सवलत रद्द. रजिस्टरमध्ये सलूनवर जप्ती, वीस एप्रिलनंतर. त्यावरची सही तिने बघितली. म्हणाली, माझा डी तू छान काढतोस.

मी म्हणालो, तुला त्रास होऊ नये म्हणून. ती म्हणाली, बरं. कोट घातला आणि गेली.

मी पंधरा मिनिटं बसलो. मग गिल्हूलीकडे गेलो. नव्हती. उरलेल्या दोन्ही पबमध्ये नव्हती. तिसऱ्यात मालकाने विचारलं, काय मलाकी, हरवलं काय? पत्र म्हटलं. का म्हटलं माहीत नाही.

३ एप्रिल, बुधवार
ती काल कन्सेप्टाकडे गेली होती. तिथूनच टॅक्सवाल्यांना फोन केला. उत्तर का दिलं नाहीत, असं त्या माणसाने विचारलं. हिने सांगितलं, माझा नवराच पोस्टमन आहे.  तो म्हणाला, बाई, बावीस वर्षांत सगळी कारणं ऐकली, हे पहिलंच. कागद पुन्हा पाठवतो, दहा दिवसांत सही करून द्या.

हे सांगताना ती थोडी हसली. मीही हसायला गेलो तर थांबली.

पोस्टमास्तरांना ती सांगणार नाही. म्हणाली, ते तुझं ओझं आहे, तू उचल. मी नुसती शेजारी उभी राहीन. राहीन की नाही, तेही अजून ठरवायचंय.

इस्टरनंतर पोस्टमास्तरांना नक्की सांगणार.

११ एप्रिल, गुरुवार
सकाळी टपाल लावायच्या खणात आमच्या घराच्या कप्प्यावर पिवळी चिठ्ठी. या पत्त्यावरचं डिम्पनाच्या नावाचं सर्व टपाल यापुढे सलूनवर द्यावे. अर्ज तिच्या हातचा. डी माझ्यापेक्षा साधा.

सलूनही माझ्याच बीटमध्ये. साडेनऊला गेलो. रजिस्टर होतं. एका बाईचे केस धुता धुता तिने हात पुसले, सही केली, पाकीट तिथेच फोडलं, वाचलं, कागदावर सही केली आणि पाठवायला माझ्याच हातात दिलं. मग पुन्हा मागून घेतलं. म्हणाली, राहू दे, मी पेटीत टाकते. थँक्यू. पोस्टमनला म्हणतात तसं.

दारापर्यंत आलो तर म्हणाली, संध्याकाळी साडेसातला चर्चच्या वरच्या खोलीत तुझ्यासाठी मीटिंग आहे, कन्सेप्टाने विचारून ठेवलंय. म्हटलं, मी तर पीत नाही. ती म्हणाली, ते माहीत आहे मला.

केस धुवायला बसलेली बाई आरशात माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी ७.२०
मीटिंगला जाणार होतो. पाय जरा दुखतात. पुढच्या गुरुवारी नक्की.

आज पिशवीत पतसंस्थेचं एक पाकीट होतं. पांढरं, माझ्या नावाचं. माझं आहे, तेव्हा फोडायला हरकत नव्हती.

उजवा गमबूट अजून कोरडा आहे.